ओढ्याची बाजू

ग्लेनिसने नटावर पाना बसवला आणि व्हर्नने त्यावर अंगाचा सगळा भार टाकून पाय दिला. नट हलला नाही. दुसऱ्यांदा पाय दिला तेव्हा पाना निसटला आणि तो लाल धुळीत बदकन बसला.

"लागलं?"

"मला नाही. त्या चाकाला विचार."

ती हसली. दोन दिवसांतलं हे दुसरं पंक्चर. रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा झाला होता. सहा तास गाडी चालवली की दात हिरड्यांतून सैल झाल्यासारखे वाटत. सकाळी शेगडीचा पाय मोडला होता आणि डझनभर अंडी फुटून अंथरुणाच्या वळकटीत मुरली होती. तरी ती हसत होती. व्हर्नने क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मग उठून पुन्हा पान्यावर उभा राहिला.

दुपारी ते डॉटच्या पंपावर पोचले. तिच्याकडे पेट्रोल, बिअर आणि गरम खिमा पॅटिस मिळत. पुढे दोनशे किलोमीटर काहीच नव्हतं.

"आलीस का गं बये!" डॉट गल्ल्यामागून ओरडली. "आणि ह्या म्हाताऱ्याला परत आणलंस? मागच्या वर्षी सांगितलं होतं ना, वाटेत कुठेतरी उतरवून टाक म्हणून."

"उतरवला होता गं. पण चाक बदलायला दुसरं कोणी मिळेना."

"मग राहू दे. घ्या, पॅटिस खा. एक ताजं आहे, एक कालचं. कुठलं कुठलं ते विचारू नका."

ग्लेनिसने दोन्ही पॅटिस खाल्ली. व्हर्न दारात उभा राहून ती खाताना बघत होता. गल्ल्याच्या मागच्या भिंतीवर किअरनचा फोटो असलेला कागद अजून होता. उन्हाने त्याचा चेहरा फिका पडला होता, पण कोपऱ्यांवरच्या चिकटपट्ट्या नव्या होत्या. डॉटने त्याबद्दल काही विचारलं नाही. निघताना तिने ग्लेनिसच्या हातात पिशवीभर संत्री दिली.

सहा वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा किअरन एकटाच ह्या रस्त्याने गेला होता. वय सव्वीस. त्याची गाडी आडवाटेवर सापडली. दोन चाकं बसलेली, पाण्याचा डबा रिकामा, दार उघडं. पोलिसांनी हेलिकॉप्टर आणलं, माग काढणारी माणसं आणली. अकराव्या दिवशी सगळे परत गेले. त्या वर्षापासून दर जुलैत, तिकडच्या थंडीच्या दिवसांत, दोघं पोर्ट पिरीहून निघत आणि तीन आठवडे तंबू ठोकून मुलाला शोधत.

तंबूची जागा ठरलेली होती. ग्लेनिसने जळणाला वाळक्या काटक्या आणल्या, निखाऱ्यांत पाव भाजला, काळ्या डब्यात चहा उकळला. संध्याकाळी गुलाबी काकाकुव्यांचा थवा डोक्यावरून कलकलाट करत गेला, तेव्हा ती मान वर करून बघत राहिली.

"किती गोंगाट करतात मेले," ती म्हणाली.

घरी ती पक्ष्यांकडे बघत नसे. घरी ती खिडकीचा पडदाही उघडत नसे.

रोज सकाळी दोघं दोन दिशांना जात. ती उत्तरेच्या दगडाळ माळावर, तो पूर्वेला, कोरड्या ओढ्याकडे. पहिली दोन वर्षं ते बाजू आलटून पालटून घेत. तिसऱ्या वर्षापासून ओढ्याची बाजू व्हर्नने स्वतःकडे ठेवली. काठ ठिसूळ आहे, तुझा गुडघा दुखतो, असं तो म्हणाला होता. ती संध्याकाळी विचारी, "काही?" आणि तो म्हणे, "काही नाही." मग ती त्याला चहा ओतून देई.

आठव्या दिवशी माळावर ग्लेनिसच्या बुटाचा तळवा निघाला. तिने तो दोरीने बांधला, पण शंभर पावलांत दोरी तुटली. ती लंगडत तंबूकडे आली. दुसरे बूट गाडीत होते आणि गाडीची किल्ली व्हर्नच्या खिशात. तिने जरा वेळ हाका मारून पाहिल्या. मग त्याच्या पावलांमागून ओढ्याकडे निघाली.

पहिल्या टेकाडापर्यंत तिच्या काही लक्षात आलं नाही. दुसऱ्या टेकाडावर ती थांबली. तिने खाली पाहिलं, मागे पाहिलं. पावलांचा माग सरळ जात होता, एका रेषेत, आणि त्याच्याखाली कालची पावलं होती, परवाची होती. वाळू दबून घट्ट झाली होती. माळावर आठ दिवसांत तिची पावलं एकदाही तिच्याच पावलांवर पडली नव्हती. शोधणाऱ्या माणसाची पायवाट होत नाही.

तिसऱ्या टेकाडावरून तिला ओढा दिसला. काठाखाली व्हर्न बसला होता, पाठमोरा. त्याच्या शेजारी दगडांची लांबट, नीट रचलेली रास होती. रास जुनी होती; तिच्या एका अंगाला वाऱ्याने वाळू आणून टाकली होती आणि व्हर्न ती हाताने बाजूला सारत होता. चादरीवरच्या सुरकुत्या काढाव्यात तशी. मधूनमधून तो काही बोलत होता. शब्द वर ऐकू येत नव्हते.

ग्लेनिसने तोंडावर हात दाबून धरला. ती तशीच खाली बसली. किती वेळ बसली ते तिला कळलं नाही. तो उठण्याआधी ती मागे वळली आणि एका अनवाणी पायाने तंबूपर्यंत चालत आली.

व्हर्न आला तेव्हा ती बटाटे सोलत होती.

"पायाला काय झालं?"

"बूट फाटला." तिने मान वर केली नाही. जरा वेळाने म्हणाली, "काही?"

"काही नाही."

तिने त्याला चहा ओतून दिला.

सकाळी तिने दुसरे बूट घातले, नाड्या दोनदा बांधल्या.

"आज ओढ्याकडे मी जाते," ती म्हणाली.

निखारे सारखे करणारा व्हर्नचा हात थांबला.

"तिकडे काही नाही गं. तिकडचं सगळं मी पाहिलंय."

"हो. चार वर्षं पाहतोयस."

व्हर्नच्या हातातली काटकी पेटली होती. चटका बसल्यावर त्याने ती टाकली.

"तुझा माग तुझ्याच मागावर होता," ती म्हणाली. "मी काल आले होते."

चहा उतू जाऊन निखाऱ्यांवर सांडला, पण डबा कोणी उचलला नाही.

"घरी तू भिंतीकडे तोंड करून पडतेस," व्हर्न शेवटी म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "जून संपत आला की उठतेस. सामानाच्या याद्या करतेस. डॉटकडे दोन दोन पॅटिस खातेस. मला वाटलं, हे शोधणं पण गेलं तर..."

"आणि मला माळावर पाठवत राहिलास."

"हो."

"दगड उलटे करायला."

"हो, ग्लेनिस."

तिने हात उचलला. मारायचं तर मारू दे, अशा चेहऱ्याने व्हर्न उभा राहिला. पण तिने फक्त पाण्याची बाटली खांद्यावर अडकवली.

"तिसऱ्या टेकाडानंतर डावीकडे वळ," तो म्हणाला. "सरळ उतरू नकोस, तिथला काठ ढासळतो. झाड पडलंय, त्याच्या बाजूने पायऱ्यांसारखं आहे, मी कोरून ठेवलंय." तो थांबला. "त्याला वेदना नसतील झाल्या. सावलीत होता. झोपल्यासारखा."

"गप्प बस."

"बरोबर येऊ?"

"नको."

ती निघाली. थंड वारा समोरून येत होता. पहिल्या टेकाडापर्यंत ती भराभर चालली, जवळजवळ पळाली. दुसऱ्यावर तिचा गुडघा धरला आणि ती वाकून उभी राहिली. तेव्हा तिने मागे पाहिलं. व्हर्न बऱ्याच अंतरावरून येत होता. ती थांबलेली पाहून तोही थांबला. सांगूनही न ऐकलेल्या माणसासारखा हात लोंबकळत सोडून उभा राहिला.

तिने त्याला बोलावलं नाही आणि परतही पाठवलं नाही. ती पुढे चालू लागली, पण आता सावकाश, मागच्याला गाठता येईल इतकी सावकाश.