सोळा कोरी घरं

"ताई, काल वाजवलंत तेच आज वाजवलंत," तालमीत पियानोवरचा जॅझवाला पाहुणा हात थांबवून म्हणाला.

"अगदी तंतोतंत," मी मान ताठ करून म्हटलं. आमच्या वाद्यवृंदात यापेक्षा मोठी शाबासकी नाही. त्यानं मात्र कपाळाला हात लावला.

सव्वीस वर्षं मी दुसरी क्लॅरिनेट वाजवते. दुसरीनं पहिलीला खालून आधार द्यायचा. वेगळी ऐकू आली तर तिचं चुकलं. पहिली वाजवणाऱ्या बाईंचं मनगट दुखावलं आणि लागोपाठ दोन दुपारी होणाऱ्या या कार्यक्रमातला एकटीनं वाजवायचा तुकडा माझ्याकडे आला. स्वरलिपीत तिथं सोळा घरं, म्हणजे तालाची सोळा आवर्तनं, कोरी होती. जॅझवाले अशा जागी त्या क्षणी सुचेल ते वाजवतात. मी पडले शहाणी. चार दिवस खपून जे सुचायचं ते आधीच सुचवून घेतलं, पेन्सिलीनं लिहून काढलं आणि घोकून पाठ केलं.

संचालकांनी मला बाजूला घेतलं आणि जमत नसेल तर बाहेरून सॅक्सोफोनवाला बोलावता येईल, असं गोड शब्दांत सुचवलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सव्वीस वर्षांनी ताटात पडलेला घास मी दुसऱ्याला उचलू देणार होते की काय. "सर, उद्या मीच वाजवणार," मी म्हटलं.

पहिल्या दुपारी कार्यक्रमाला जाताना तो पेन्सिलीचा कागद घरीच ठेवला. माझी पाळी आली तशी उभी राहिले. पहिली दोन घरं बरी गेली, तिसऱ्यात बोट घसरलं आणि भलताच सूर उमटला. एरवी अशा वेळी आम्ही चेहरा कोरा ठेवून पुढे पळतो. मी तोच सूर पुन्हा धरला, मुद्दाम, चांगला लांबवून. पियानोवाल्यानं लगेच खाली त्याला साजेसे सूर भरले आणि माझी चूक मानानं स्थिरावली. मग मी सुटलेच. कुठे गेले, कशी फिरले, देव जाणे. पण सोळाव्या घराला बरोबर ठोक्यावर परत आले. इतका आनंद मला आयुष्यात फार थोड्या वेळा झाला आहे.

नवरा इस्पितळात नर्स. ड्यूटीमुळे त्याला येता आलं नव्हतं. संध्याकाळी मी घरात पाऊल टाकल्या टाकल्या तो म्हणाला, "तेवढं एकदा मला वाजवून दाखव ना."

मी क्लॅरिनेट जोडली, ओठांना लावली. एक सूर आठवेल तर शपथ. आजवर वाजवलेलं सगळं कपाटात कागदांवर आहे, फक्त हेच कुठे नव्हतं. मी क्लॅरिनेट खाली घेतली.

"गेलं ते," मी म्हटलं. "उद्या रजा टाक."