अर्ध्या मिशीची चळवळ

आमच्या चौकातल्या सलूनवाल्याची मिशी तुम्ही पाहिली नसेल, तर मग पाहिलंत तरी काय? दोन्ही टोकांवर एकेक चिमणी बसायची आणि मिशी वाकायची नाही. सासऱ्यानं घर विचारलं नाही, कमाई विचारली नाही, मिशी बघून मुलगी दिली. ती सांभाळणं एवढंच त्याचं राजकारण.

राजकारण करायला मेहुणा होता. सूतगिरणीतला पुढारी. मालकानं मजुरी निम्मी केली, तेव्हा फाटकावर भाषण ठोकायच्या आधी तो मिशी कोरून घ्यायला आला. सलूनवाल्यानं साबण फासला, वस्तरा पट्ट्यावर घासला, ओठावर टेकवला आणि त्याला शिंक आली. डावी मिशी साफ. उजवी उतरवणार तोच बाहेरचा जमाव आत शिरला आणि मेहुण्याला खांद्यावर घेऊन गेला.

फाटकावर लोक खो खो हसू लागले. पण मेहुणा पक्का. म्हणाला, आपली निम्मी मजुरी परत मिळेपर्यंत मीही अर्ध्याच मिशीनं फिरणार. हसू थांबलं, टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी सलूनसमोर रांग. सगळ्यांना डावी काढायची होती.

मजुरी लवकरच परत मिळाली. मिशी मात्र कुणी वाढवेना. एवढी शोभत असताना वाढवायची कशाला? मालकाच्या माणसांनी मग उजवी काढली. एका प्राध्यापकांनी सिद्ध केलं की आपले पूर्वज अर्ध्या मिशीचेच होते, कारण गुहेतल्या चित्रांत एकाच बाजूची दिसते. डावीवाले उजवीवाल्यांच्या घरी मुली देईनात. सलूनवाला बिचारा ज्याला त्याला शिंकेची गोष्ट सांगायचा. डावीवाले म्हणायचे, अफवा आहे; उजवीवाले म्हणायचे, शिंकसुद्धा त्यांनीच पढवली असेल.

अखेर दोघांचंही लक्ष त्याच्या अख्ख्या मिशीवर गेलं. आधी गिऱ्हाईक आटलं, मग आरसा फुटला. दोन्ही पक्षांनी दगड आपलाच असल्याचं पत्रक काढलं.

बायको म्हणाली, "तुमच्या मिशीला बाबा भुलले होते, मी नाही. पोरांच्या पोटाला काय, मिशी वाढू?"

सलूनवाल्यानं आरशाच्या उरलेल्या तुकड्यात बघून दोन्ही बाजू उतरवल्या. चिमण्या दोन दिवस दारात घिरट्या घालत होत्या.

तिसऱ्या दिवशी डावे-उजवे एक झाले. मालकानं आणि मेहुण्यानं चौकात गळाभेट घेतली आणि अख्खी मिशी ही ऐक्याची निशाणी ठरली. ज्याच्या ओठावर केस नाही, तो फुटीर. तसा गावात एकच निघाला.

मेहुणा नवी मिशी कोरून घ्यायला आला, तेव्हा मी मागच्या बाकावर पाळीची वाट बघत होतो. तो खुर्चीत रेलला आणि म्हणाला, "भाऊजी, राग नका मानू, पण इतिहास घडत होता तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"इथंच," सलूनवाला म्हणाला. "वस्तरा धरून."

मेहुणा डोळे मिटून हसला. सलूनवाल्यानं साबण फासला, वस्तरा ओठावर टेकवला. मग त्याचं नाक हुळहुळलेलं मला आरशाच्या तुकड्यात दिसलं. हात मागे घ्यायला त्याला भरपूर वेळ होता.

त्यानं घेतला नाही. मी हळूच माझी मिशी तळव्याखाली झाकली.