डावीकडे ओढणारी रायफल

ताईने पडद्यावरच्या कोऱ्या भिंतीवर तिसऱ्यांदा तीस गोळ्यांचं अख्खं मॅगझिन रिकामं केलं आणि माउसवरचा हात झटकन काढून घेतला. भिंतीवर तीस भोकं पडली होती. खालची दहा सरळ रेषेत, आणि तिथून वर रेष कलत कलत डावीकडे गेलेली.

“बघ,” ती म्हणाली. “ओढतेय की नाही?”

खुर्चीमागे उभ्या असलेल्या धाकट्या भावाने भोकं पाहिली. ओढत होती, यात वाद नव्हता.

“मी रायफलला हात लावलेला नाही, ताई.”

“मग काय भुताने लावला?”

या खेळातल्या बंदुका तो घडवायचा, म्हणून ऑफिसात सगळे त्याला लोहार म्हणत. पाच विरुद्ध पाच, नेम चुकला की डाव गेला, असा तो खेळ. बारा वर्षं त्याच्या स्पर्धा चालल्या होत्या आणि बाराही वर्षं ताई त्यात होती. आता तर एका नावाजलेल्या टीमची कॅप्टन. यंदा कंपनीने खेळाचा कायापालट करायला घेतला. भिंती नव्या, उजेड नवा, पावलांचे आवाज नवे, सर्व्हरसुद्धा नवे. जुनी राहणार होती ती फक्त रायफल. तिला धक्का लावणार नाही, असं कंपनीने जाहीर वचन दिलं होतं, कारण तिच्यावर हात बसवण्यात लोकांची वर्षं गेली होती.

आणि परवा ताईने मुलाखतीत, कॅमेऱ्यासमोर, शांतपणे सांगितलं होतं, “रायफल बदलली आहे. बदलणाऱ्याला मी चांगली ओळखते.”

नव्या खेळात ती सरावाचे पाच सामने ओळीने हरली होती. स्पर्धा आठवड्यावर आली होती आणि टीमने राखीव खेळाडूला तयार राहायला सांगितलं होतं. खोट रायफलमध्ये निघाली तर ताई टीममध्ये राहणार, नाही निघाली तर नाही, इतका सरळ मामला होता. साहेबांनी बहीणभावाला चाचणीची खोली आणि एक दुपार दिली. “संध्याकाळी मला एका वाक्यात उत्तर हवं,” एवढं बोलून ते मीटिंगला गेले.

लोहाराने रायफलच्या आकड्यांची फाइल उघडली. शेवटचा बदल दोन वर्षांपूर्वीचा, तोही त्याच्याच नावावर. त्याने आकडे एकेक करून जुळवले. ताई मागून वाचत होती. आपल्या प्रत्येक क्लिकवर तिचं लक्ष आहे हे त्याला मानेवर जाणवत होतं. लहानपणी याच मानेवर तिच्या टपल्या पडायच्या, पण तेव्हा एवढं अवघडल्यासारखं कधी झालं नव्हतं.

“फाइल तुझी, नाव तुझं,” ती म्हणाली. “तू दाखवशील ते मी बघणार.”

तो उठून बाहेर गेला. ताईवर चिडायची सोय नव्हती, म्हणून त्याचा संशय ऑफिसातल्या चष्मेवालीवर गेला. सर्व्हरचं काम तिच्याकडे होतं. सकाळी तो जवळून गेला तेव्हा तिने घाईने पडद्यावरची खिडकी बंद केली होती, हे त्याच्या ध्यानात होतं.

“रायफलच्या आकड्यांना कुणी हात लावलाय का?”

“तुझ्या बंदुका तुला लखलाभ,” तिने मान वर न करताच सांगितलं. मग आवाज उतरवून म्हणाली, “राग मानू नकोस. पण ताईंना हरण्याला कारण हवंय, असं तर नाही ना?”

तो तणतणत परत फिरला. पण तिने सोडलेलं पिल्लू त्याच्याबरोबर खोलीत आलंच. भोकं डावीकडे नेणं काय अवघड होतं? मनगट जरा वळवलं की झालं. ज्या बाईने बारा वर्षं समोरच्याला हुलकावण्या देऊन नाव कमावलं, तिला एवढं जमू नये?

मग त्याने सापळा लावला. सख्ख्या बहिणीला सापळा लावताना त्याला लाज वाटली, पण लावला. शेजारी शेजारी दोन पडदे मांडले आणि सांगितलं, “हा जुना खेळ, तो नवा.” प्रत्यक्षात उलटं होतं. ताई नाटक करत असेल, तर ज्याला ती नवा समजते तिथेच गोळ्या डावीकडे जाणार होत्या.

ताईने ‘नव्या’वर मॅगझिन रिकामं केलं. भोकांची सरळ उभी रेष. तिच्या कपाळाला आठी पडली. मग ‘जुन्या’वर. तिसांतली वीस भोकं डावीकडे.

ती खुर्ची फिरवून त्याच्याकडे वळली.

“मला फसवतोस? पडद्यांची अदलाबदल केलीस?”

“केली.”

“म्हणजे मी खोटं बोलते असं वाटलं तुला.”

“तू नाही ठरवलंस मला खोटं? तेही साऱ्या जगासमोर?”

फिट्टंफाट झाली होती, पण त्याला त्यात काडीचंही समाधान नव्हतं. ताई खरं बोलत होती आणि आकडेही खरे होते, आणि दोन्ही एकदम कसं खरं असेल ते त्याला कळेना.

“ऊठ जरा,” तो म्हणाला आणि स्वतः बसला. जुन्यावर एक मॅगझिन झाडलं, नव्यावर एक. दोन्हीकडे उभी, सरळ रेष. पुन्हा झाडलं. पुन्हा सरळ.

भोकांकडे बघता बघता त्याला इस्त्री आठवली.

जुन्या सर्व्हरला खेळाडूच्या हाताची प्रत्येक हालचाल पेलत नसे. तो मधले बारीक हिसके गाळून टाकी आणि बाकीची हालचाल गुळगुळीत करून घेई. ऑफिसात याला इस्त्री म्हणत. कायापालटात ती काढली होती, आणि ती काढा म्हणून सगळ्यांत जास्त घसा कोरडा केला होता लोहारानेच. खेळाडूचा हात जसा आहे तसा खेळात उतरू दे, असं तो भर मीटिंगमध्ये म्हणाला होता. रायफलच्या फाइलीत या बदलाची नोंद नव्हती. ती तिथे असायचं कारणच नव्हतं, कारण इस्त्रीचा बंदुकीशी संबंध असतो असं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. दुपारभर तो बंदूक तपासत बसला होता.

त्याने माउसच्या हालचालींची नोंद उघडली. त्याची स्वतःची रेष जवळजवळ सरळ होती. ताईच्या रेषेवर दहाव्या गोळीनंतर बारीक दाते होते, शिवणयंत्राच्या टाक्यांसारखे नेमाने पडलेले, आणि प्रत्येक दात्यागणिक रेष थोडी डावीकडे सरकत होती. गोळ्या संपल्यावर, हात नुसता माउसवर असतानाही, दाते थांबलेले नव्हते.

“काय आहे?” ताईने विचारलं.

त्याने पडदा तिच्याकडे फिरवला. समजावून सांगायची गरज नव्हती. अशा रेषा वाचण्यात तिचा जन्म गेला होता.

“वरची कुणाची?”

“माझी.”

तिने उजवा हात जाकिटाच्या खिशात घातला.

“कधीपासून, ताई?”

“हिवाळ्यापासून,” ती म्हणाली. “मी म्हटलं, थंडीने होत असेल. मग उन्हाळा आला.” ती जराशी हसली. “पण खेळात काही दिसत नव्हतं ना. म्हटलं, गोळी सरळ जातेय तोवर मी ठणठणीत आहे.”

दुपारपासून केलेले सगळे संशय लोहाराला एकदम हवेहवेसे वाटले.

“इस्त्री परत घालतो,” तो घाईघाईने म्हणाला. “दोन ओळींचं काम आहे. कुणाला पत्ता लागणार नाही.”

“आणि बाकीच्यांचे हात? पोरं जीव तोडून सराव करतायत नव्यावर. माझ्या एकटीपायी सगळ्यांचे बोथट करणार?”

“होऊ देत बोथट.”

“मग मी मुलाखतीत बोलले ते खरं होईल की रे.”

ताई भिंतीवरच्या डावीकडे गेलेल्या भोकांकडे बघत राहिली.

“छोट्या, खरं सांगू? रायफल तूच बदलली असतीस ना, तर किती बरं झालं असतं. दोन थोबाडीत देऊन विषय मिटवला असता.”

तेवढ्यात दारावर टकटक झाली आणि चष्मेवालीने डोकं आत घातलं.

“साहेब मीटिंगमधून आलेत, विचारतायत. रायफल कुणी बदलली?”

“मी,” लोहार म्हणाला.

“कुणीच नाही,” ताई म्हणाली.

दोघं एकदमच बोलले. चष्मेवालीने आधी भावाकडे पाहिलं, मग बहिणीकडे, आणि ती दारातच थबकली. आता तिच्या नजरेत उघड संशय होता.

ताईने उजवा हात खिशातून काढला आणि टेबलावर ठेवला.

“आत ये,” ती म्हणाली. “दार लाव, आणि तूही बघ.”