डावीकडची जागा

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे, पण मला एकही पाय नाही. मी जन्मभर लोंबकळतच राहिले. वॉशिंग्टन राज्यातल्या एका डोंगरावर तारेच्या जाड दोराला माझ्यासारख्या पुष्कळ खुर्च्या टांगलेल्या होत्या. पायाला स्की बांधलेल्या माणसांना आम्ही वर न्यायचो, ती बर्फावरून घसरत खाली यायची आणि आम्ही रिकाम्याच परतायचो. मी दोघांची खुर्ची. सांगाडा लोखंडाचा, बसायला लाकडी फळ्या. नवी होते तेव्हा लोक माझ्यावर बसून फोटो काढायचे. पुढे शेजारच्या उतारावर गादीच्या रुंद खुर्च्या आल्या आणि माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहीना. तेलपाण्याचीही आबाळ झाली. माझी कुरकुर तेव्हापासूनची आहे.

दोराच्या वरच्या टोकाला लाकडी खोपटात वॉल्ट नावाचा म्हातारा काम करायचा. वर जाऊन घाबरलेल्या माणसाला तो न रागावता माझ्यावर बसवून परत पाठवायचा आणि खालच्या खोपटात फोन करायचा, "वन मोअर कमिंग डाउन." म्हणजे तो माणूस उतरेपर्यंत खाली कुणी यंत्र बंद करत नसे. संध्याकाळी सगळ्यांत शेवटी तो स्वतः माझ्या डाव्या बाजूला बसून खाली यायचा. एका हिवाळ्यात तो आपल्या घरी, झोपेतच गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी रिकामी खाली येत होते, आणि माझी डावी बाजू झुकलेली होती. ती काही केल्या सरळ होईना. मेकॅनिकने सगळे नटबोल्ट तपासले, त्याला काही सापडलं नाही. 

गेल्या जानेवारीत रेडमंडहून मित्रांची एक टोळी दोन गाड्या करून आली. एक गाडी सौमित्रची, दुसरी देवयानीची. त्यांच्यातली गिरिजा पहिल्यांदाच स्की करत होती. दिवसभर ती पायथ्याशी पडत-उठत होती. शेवटी सौमित्रने आग्रह करकरून तिला वर आणलं. वरून तो उतार दिसला आणि ती खोपटाच्या भिंतीला धरून उभी राहिली. पण भीती वाटते हे कबूल कोण करणार!

"तुम्ही व्हा पुढे यार," ती म्हणाली, "मी येतेच."

आणि ते खरंच पुढे गेले. अंधारायला लागलं तेव्हा तिने वरच्या कामगाराला खाली सोडायची विनंती केली. वॉल्टच्या जागी आलेला हा तरुण घरी जायच्या घाईत होता. त्याने तिच्या स्की काढून ठेवल्या, तिला माझ्या उजव्या बाजूला बसवलं आणि स्वतः दुसऱ्या वाटेने घसरत निघून गेला. खाली फोन करायचं तो विसरला. पायथ्याच्या खोपटात यंत्र सांभाळणाऱ्या वीर नावाच्या पोराला वाटलं, आता वर कुणी उरलं नाही. त्याने यंत्र बंद केलं.

मी मधोमध थांबले. खाली खोल घळ आणि काळी झाडं. गिरिजाचा फोन थंडीने बंद पडला होता. तिने हाका मारल्या, पण पडणारा बर्फ आवाज गिळून टाकतो. तिकडे सौमित्रला वाटत होतं ती देवयानीच्या गाडीत आहे, आणि देवयानीला वाटत होतं ती सौमित्रच्या. दोन्ही गाड्या घराकडे निघाल्या होत्या. अशा थंडीत माणूस सकाळपर्यंत टिकत नाही, हे मला माहीत होतं. मला फार भीती वाटत होती.

रडून रडून ती थकली आणि खाली उडी मारायच्या विचाराने पुढे सरकली. त्याबरोबर माझी डावी बाजू एकदम खाली गेली आणि गिरिजा परत मागे घसरली. तिने वळून पाहिलं. माझ्या फळ्यांवर सगळीकडे बर्फ साचला होता. डावीकडे एका माणसाच्या बसण्याएवढी जागा मात्र कोरडी होती.

 मग तिने खिशातून आईने पाठवलेला डिंकाचा लाडू काढला. ती मालवणची. रानात काही खाण्याआधी तिथल्या न दिसणाऱ्या राखणदारासाठी एक घास ठेवायचा, असं तिच्या आजोबांनी तिला शिकवलं होतं. बधिर बोटांनी तिने लाडूचा तुकडा मोडला आणि डावीकडे ठेवला.

"जे कुणी असाल ते," ती हळूच म्हणाली, "एवढं घ्या. आणि मला घरी पोचवा."

तिने डोळे मिटले. मला मिटायला डोळे नाहीत. वारा नव्हता, तरी तो तुकडा तिथे राहिला नाही. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझी डावी बाजू हलकी झाली.

खाली वीर खोपटाला कुलूप लावत होता, तेवढ्यात आतला फोन वाजला. एक म्हातारा आवाज म्हणाला, "वन मोअर कमिंग डाउन." वीरने खिडकीतून पाहिलं. वरचा कामगार पार्किंगमध्ये आपल्या गाडीवरचा बर्फ खरवडत होता. वर कुणीच नव्हतं. पोरगं घाबरलं, पण त्याने यंत्र सुरू केलं. मी हलले, आणि माझी डावी बाजू पुन्हा जड झाली.

गिरिजाला उतरवताना ती "आई गं" म्हणून कण्हली. वीर जन्मला अमेरिकेत, पण त्याची आई मराठी. त्याने आपला कोट तिच्याभोवती गुंडाळला.

"ताई, बस इथे," तो म्हणाला. "यू आर सेफ. मी आहे ना."

मग तो माझ्या डाव्या बाजूकडे बघत राहिला.  वाटेत चहाला थांबल्यावर मित्रांना चूक कळली होती, ते धावत परत आले. देवयानी गिरिजाला मिठी मारून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मला वाटलं तू त्याच्या गाडीत आहेस." सौमित्र खाली बसून तिचे बर्फाने भरलेले बूट सोडवत होता.

उन्हाळ्यात आमचा जुना दोर उतरवला आणि खुर्च्या विकायला काढल्या. गिरिजाने मला हट्टाने घरी आणलं. आता मी रेडमंडला तिच्या मागच्या अंगणात, छपराखाली टांगलेली आहे. मराठी मी इथेच शिकले. मला वेळच्या वेळी तेल मिळतं, तरी मी सवयीने कुरकुरते. खायला बसली की गिरिजा पहिला घास माझ्या डाव्या बाजूला ठेवते. तो उरत नाही. पाहुण्यांना वाटतं खारी नेतात, आणि ती त्यांना तसं वाटू देते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना टाकून देऊ नका. त्यांच्यावर कोण बसलेलं असेल सांगता येत नाही. आणि कुणी 'तुम्ही व्हा पुढे' म्हणालं, तर पुढे होऊ नका. त्याचा चेहरा बघा, थांबा, त्याला बरोबर घेऊनच निघा. प्रत्येकासाठी फोन करायला कुणी बसलेलं नसतं.

कधी रेडमंडला आलात तर माझ्यावर झोका घ्यायला जरूर या. फक्त उजवीकडे बसा.