मागायचं कुणी?

"जिना मधोमध आहे गं ताई. वाटणी करून काय अर्धा अर्धा चढायचा?" धाकटा ताईच्या कानाशी कुरकुरला. वकिलांच्या खोलीत तिघं भावंडं एकाच बाकावर दाटीवाटीनं बसली होती.

वडिलोपार्जित घराचे तीन तुकडे होण्यासारखे नव्हते, म्हणून ते विकायचं ठरत होतं. वकील म्हणाले, "बाहेरच्याला देण्याआधी तुमच्यापैकी कुणीही बाकीच्यांचे हिस्से ठरलेल्या किमतीला घेऊ शकतं. पण तसं मागावं लागतं."

त्या घराच्या पुढच्या खोलीत ताईनं लोकांचे कपडे शिवत उमर काढली होती. तिथल्या खिडकीच्या उजेडात तिला अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवता येई. भावांनी आपण होऊन 'तूच ठेव' म्हणावं, म्हणून तिचा जीव कासावीस झाला होता. पण मागायची सवयच नव्हती. जेवतानासुद्धा कुणी वाढल्याशिवाय ती घेत नसे.

"मग विकूनच टाकू," थोरला दादा घड्याळाकडे बघत म्हणाला. "कुणाला नकोच आहे ना?"

वकिलांनी पेनाचं टोपण काढलं.

"मला हवंय," ताई म्हणाली. "घर मला हवंय, दादा."