अडीच फुटांची गादी

आमच्या ह्यांना माप एकदाच सांगावं लागतं, असं येडशीत सगळे कौतुकानं म्हणतात. चाळीस वर्षं हायवेच्या कडेला टेम्पोच्या बॉड्या बांधल्या त्यांनी. गिऱ्हाईक बोलायला लागलं की कानावरची पेन्सिल काढून लिहून घेत. पुन्हा विचारणं नाही, आणि बॉडी मात्र सुतात. मी ह्या विरुपाक्ष मिस्त्रींची बायको, गिरिजा. हे कौतुक मीही माहेरी बसून पुष्कळ केलंय. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

माझं माहेर आळंदकडचं, कानडी. आमच्याकडं पोरींना एक वळण लावायचे. कुणी काही पुढं केलं की पहिल्यांदा 'ब्याड' म्हणायचं, म्हणजे नको. दुसऱ्यांदा विचारलं की नुसतं हसायचं. तिसऱ्यांदा आग्रह झाला की मग ताट पुढं करायचं. पहिल्याच वेळी हात पुढं केला तर पोर हावरट ठरायची आणि घरी आल्यावर आई चिमटा काढायची. मी हे इतकं मनापासून शिकले की पोटात कावळे ओरडत असले तरी तोंडातून नकोच बाहेर पडतं. सासरी आल्यावर भाषा बदलली, सवय काही सुटली नाही.

लग्नाच्या वर्षी ह्यांनी विचारलं, "आमी चौघं दोस्त हैदराबादला चाललोत, बायका घेऊन. येतीस का?"

मी म्हटलं, "मला कशाला?" आणि आत जाऊन पेटीतली नवी साडी वर काढून ठेवली.

"बरं," हे म्हणाले. आणि गेले. तिघं जोडीनं, हे एकटे. येताना चारमिनारच्या लाखेच्या बांगड्या आणल्या, मापाला अगदी बरोबर. मी त्या घातल्या आणि मनाशी म्हटलं, माणूस भोळा आहे, बोललेलं खरं धरतो. पुढं श्रीशैलची बस झाली, भाच्याचं बंगळूरचं लग्न झालं. दर वेळी ह्यांचं एकदा विचारणं, माझं एक नको, आणि ह्यांचं ते 'बरं'. दर वेळी मी स्वतःच्या जिभेला शिव्या घातल्या. ह्यांना कधी नाही.

दोन वर्षांपूर्वी हातानं जड काम होईना म्हणून ह्यांनी वर्कशॉप पुतण्याला दिलं. मग दिवसभर मोबाईल. त्यात कुठल्याशा देशातली माणसं मोटारीच्या मागं एक छोटी बंद गाडी जोडून हिंडतात, आत झोपतात, मागचं झाकण उघडून तिथंच स्वयंपाक करतात. समोरून फुगीर, मागं निमुळती, पाण्याच्या थेंबासारखी गाडी. ती बघून हे उठले ते थेट भंगारातून ॲक्सल घेऊन आले.

आठ महिने आमच्या अंगणात तेच चाललं होतं. खाली लोखंडी चॅनेलची चौकट, तिला जुन्या जीपचे स्प्रिंगचे पाटे. वर प्लायवूडच्या कमानी. ओल्या गोणपाटात गुंडाळून प्लाय वाकवायचा, दोऱ्या आवळून वाळवायचा, तडकला की शिवी हासडून दुसरा घ्यायचा. वरून ॲल्युमिनियमचा पत्रा. कागदपत्रांसाठी जिल्ह्याला खेपा घातल्या त्या वेगळ्याच. आमच्या आळीनं तिला नाव ठेवलं 'कोय', कारण आंबा चोखून टाकल्यावर उरते तशी ती दिसायची. शेजारच्या बेगमबीनं तर पहिल्या दिवशीच कमरेवर हात ठेवून विचारलं, "वैनी, या वयात तुमचं हनिमून का काय?" मी पदर तोंडाला लावून आत पळाले. अठ्ठावन्नाव्या वर्षी पळाले, लाज वाटते सांगायला.

चौकट तयार झाली त्या दिवशी चहा पिताना हे म्हणाले, "पयल्यांदा गोकर्णला न्यायची. देव बी हुतोय, समुद्र बी हुतोय. तू येशील का?"

मी समुद्र पाहिलेला नाही. आमच्या येडशीला रामलिंगाचा धबधबा आहे, पावसाळ्यात धो धो पडतो, तेवढंच माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं मोठं पाणी. गोकर्णचं नाव ऐकलं आणि कधी एकदा निघते असं मला झालं. आणि हेच तोंड म्हणालं, "मला कशाला? गुडघे धरत्यात माझे. तुमी जावा."

"बरं," म्हणाले, आणि कानावरची पेन्सिल काढली.

मी वाट बघत राहिले. म्हटलं, इतकं मोठं काम आहे, पूर्ण होईपर्यंत शंभरदा विषय निघेल. दुसऱ्यांदा विचारतील. आणि नाही विचारलं तरी छत्तीस वर्षांत बायकोचं नको म्हणजे काय, एवढं कळत असेलच की. पडद्याचं कापड मी निवडलं, निळं. खिडकीच्या कडेनं सिलिकॉन भरताना दिवा मी धरला. मध्येच ह्यांनी स्वयंपाक शिकायचं काढलं. खिचडीला पाणी किती, पिठल्याच्या गुठळ्या कशा मोडायच्या, सगळं लिहून घेतलं. मला वाटलं, तिथं तरी हिला चुलीपुढं उभं करायला नको असा विचार असेल. बेगमबीला मी तोंड वर करून सांगून आले, "आता प्रवासात आयतं खाणाराय मी." माझ्याइतकी मूर्ख बाई तालुक्यात सापडायची नाही.

गादी बेगमबीच्याच घरी करायची होती. तिचा नवरा फकरुद्दीनभाई पिंजारी. कापूस तो पिंजतो आणि टाके बेगमबी घालते. ह्यांनी चिठ्ठीवर माप लिहून दिलं. बेगमबीनं चिठ्ठी वाचली, मग माझ्याकडं पाहिलं.

"वैनी, लांबी सहा, रुंदी अडीच. ये तो एकाचंच माप हाय."

"दोन करायच्या आसतील," मी म्हटलं.

"मग दुसरी कदी?"

"सांगते की. आधी ही होऊ दे."

दुपारी हे जरा आडवे झाले तेव्हा मी त्यांचाच टेप घेतला आणि कोयीत शिरले. आतली रुंदी पुऱ्या चार फुटांची होती. त्यातली अडीच फूट गादीला, उरलेल्या दीड फुटात एक लांबलचक कपाट, भिंतीला पक्कं बसवलेलं. कपाटात कप्पे. एका कप्प्यात हत्यारं, एकात कंदील, एकात मासे धरायचा गळ. आमच्या घरात मासा शिजत नाही, तरी गळाला जागा होती. मागचं झाकण उचलून पाहिलं. एक शेगडी, एक पातेलं, एक ताट, एक पेला. मी तिथंच अंगणात फतकल मारून बसले आणि पोटभर रडले. मग उठून तोंड धुतलं आणि ह्यांच्या चहाचं आधण ठेवलं.

लातूरला मुलगी असते, शिवांजली. तिला फोनवर सांगितलं तर ती माझ्यावरच उखडली. "आई, तू नको म्हणालीस ना? मग बाबांना कसं कळणार? एकदा सरळ तोंडानं सांग, मला यायचंय. चार शब्दही नाहीत ते." मला पटलं. चूक माझीच होती, आणि माझी चूक म्हणजे ती दुरुस्त करणंही माझ्याच हातात होतं. त्या विचारानं मला उलट बरं वाटलं. दोन दिवस मी ते दोन शब्द कपडे वाळत घालताना, भाकरी थापताना म्हणून बघत होते. एका पिशवीत दोन लुगडी आणि गुडघ्याचं तेल भरलं.

निघायच्या दिवशी सकाळी ह्यांनी पूजा केली, कपाळाला विभूती लावली, चाकापुढं नारळ फोडला. आमच्या जीपच्या मागं कोय जोडली. हूक बसलाय का ते वाकून बघत होते, तेव्हा मी पिशवी घेऊन समोर जाऊन उभी राहिले.

"मला यायचंय," मी म्हटलं.

हे सरळ उभे राहिले. हातातल्या फडक्यानं बोटं पुसू लागले, एकेक करून.

"आता? आता कसं?"

"ते कपाट काढा. न्हायतर मी खाली भुईवर पडीन. मला समुद्र बघायचाय."

"अगं, तसं न्हाय. म्या इचारलं हुतं तुला."

"एकदाच इचारलं."

"म्या एकदाच इचारतो."

"पण मी पयल्यांदा नकोच म्हणते. आमच्यात तसंच म्हणत्यात, तुमाला म्हाईत न्हाय का?" माझा आवाज चढला होता. रस्त्यावरून दूधवाला गेला, त्यानं वळून पाहिलं. मला त्याचंही काही वाटलं नाही.

हे रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोसलं असतं. गिऱ्हाईकाला पत्र्याची जाडी सांगावी तशा आवाजात म्हणाले, "म्हाईत हाय की. हैदराबादच्या टायमापास्नं म्हाईत हाय. तू साडी काढून ठिवली हुतीस, म्या बघितली हुती." मग फडकं सीटखाली टाकलं. "म्हणून तर दुसऱ्यांदा इचारत न्हाय."

माझ्या हातातली पिशवी मी खाली ठेवली. छत्तीस वर्षं मी ज्या माणसाला भोळा म्हणून सांभाळलं, तो भोळा नव्हता. आणि ज्या जिभेला मी छत्तीस वर्षं शिव्या घातल्या, तिच्या भरवशावर तो आरामात हिंडत होता. मला त्याची भयंकर चीड आली.

ह्यांनी जीपमध्ये बसून आरसा नीट केला. कोय जोडली की मागचं काही दिसत नाही आणि आमच्या बोळातून गाडी रिव्हर्सच काढावी लागते. खिडकीतून डोकं काढून म्हणाले, "जरा मागं बघ गं."

आणि मी बघितलं. मागं जाऊन उभी राहिले, हातानं खुणा केल्या. "येऊ द्या. येऊ द्या. उजवीकडं घ्या. बास." खांबाला पत्रा घासू दिला नाही. असं का केलं ते मला अजून कळलेलं नाही. गाडी रस्त्याला लागली, हॉर्न वाजला आणि कोय सोलापूरच्या दिशेनं गेली.

हॉर्न ऐकून बेगमबी दारात आली. माझ्याकडं, मग रिकाम्या रस्त्याकडं पाहून म्हणाली, "हे काय वैनी? तुमी गेल्या न्हाय?"

"नेलं न्हाय मला," मी म्हटलं. जन्मात पहिल्यांदा असं काही रस्त्यावर उभं राहून बोलले.

बेगमबी जवळ आली. माझ्या पाठीवर हात ठेवला, अगदी मायेनं.

"काय बी बोलता. तुमीच नको म्हनला असाल."