बाई म्हणाल्या, भिंग परत येतं

शुभदा सोलापूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. विज्ञान दिनाला तिची विद्यार्थिनी अंकिता तिला आपल्या गावी, दुधनीला, शाळेत भाषणाला घेऊन गेली. मुलांच्या मागं गावातल्या बायाही सतरंजीवर येऊन बसल्या होत्या.

शुभदानं न्यूटची चित्रं दाखवली. दिसायला पालीसारखा, पण बेडकाच्या गोतातला हा प्राणी. डोळ्यातलं भिंग काढलं तरी त्याला नवं येतं.

"गर्भात भिंग घडतं ते वरच्या कातडीच्या थरातून. तुमचं-आमचंही तसंच घडलं. पण मोठ्या न्यूटमध्ये बुबुळाच्या वरच्या कडेच्या काळ्या पेशी आपला रंग सोडतात आणि त्यांचंच भिंग होतं. वाट वेगळी, पण भिंग तसंच!"

सगळे थक्क होऊन ऐकत होते. ते तिला इतकं आवडलं की ती म्हणाली, "आणि तशा पेशी आपल्या डोळ्यातही आहेत बरं का!"

टाळ्या पडल्या. माणसात त्या पेशी भिंग करत नाहीत, हे पुढचं वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

जूनमध्ये अंकिता वर्गाबाहेर थांबली.

"मॅडम, आईला दवाखान्यात आणलंय. मोतीबिंदू पिकून डोळ्यात दाब वाढला. मार्चमध्ये मोतीबिंदूच्या शिबिरात ऑपरेशनसाठी तिचा नंबर लागला होता, पण गेलीच नाही. बाई म्हणाल्या भिंग परत येतं, म्हणते."

"तू समजावलं नाहीस?" शुभदा बोलून गेली आणि तिचे कान तापले.

अंकिता खाली बघत म्हणाली, "समजावलं की. तर म्हणाली, तुला तुझ्या मॅडमपेक्षा जास्त कळतं का?"

अंकिताची आई चंद्रव्वा मेंढरं राखायची. शुभदा दवाखान्यात गेली तेव्हा तिचं ऑपरेशन झालं होतं, पण दाबानं डोळ्याची नस दुखावली होती. त्या डोळ्यानं आता धुरकटच दिसणार होतं. शुभदाला बघताच ती पदर सावरत उठू लागली.

"बाई, तुमी कशाला तरास घेतला?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "माझंच कायतरी चुकलं असंल. रोज सकाळी चांगला डोळा झाकून बगायची. न्हाय उगवलं."

शुभदाला तिच्याकडे बघवेना.

"तुमचं काही चुकलं नाही. माणसाला ते उगवत नाही. मला ठाऊक होतं. टाळ्या पडल्या म्हणून मी पुढचं सांगितलं नाही."

"ठाऊक हुतं व्हय," चंद्रव्वा म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

पुढच्या आठवड्यात शुभदा दुधनीला गेली. मुख्याध्यापक म्हणाले, "फळ्यावर दुरुस्ती लिहून टाकू की, मॅडम." ती नको म्हणाली. मुलांना आणि त्याच बायांना बोलावून तिनं सगळं सांगितलं, गिळलेल्या वाक्यासकट. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

"मग आमी ऑपरेशन करायचं का न्हाय?" एका म्हातारीनं विचारलं.

"करायचं. डॉक्टर सांगतील तेव्हाच करायचं."

काळा चष्मा लावलेली चंद्रव्वा मागं बसली होती. बाया उठल्यावर शुभदा तिच्यापाशी जाऊन उभी राहिली. चंद्रव्वानं तोंड दुसरीकडं वळवलं. लेकीला म्हणाली, "बाईंना चा पाज. उपाशी आल्या असतील."

शुभदानं चहा घेतला. तो संपेपर्यंत तिला मान वर करता आली नाही.